मागून हाक मारू नये

ज्वारी पेरायचे दिवस आले की माझी रजा ठरलेली. दिवाळीला आले नाही तरी घरचे चालवून घेतात; पण दसरा होऊन गेला, हस्ताचं पाणी मुरलं आणि मायनं फोनवर "वाफसा आलाय बग" म्हटलं की मी पिशवी भरायला घेते. वाफसा म्हणजे पायाला माती चिकटत नाही, ढेकूळ हातात दाबलं की त्याचा भुगा होतो, आत मात्र ओल असते, असे चार-सहा दिवस. त्या दिवसांत बी पडलं तर पडलं. आमच्या ऑफिसात यावरून माझी भरपूर चेष्टा होते. लोक मुलांच्या परीक्षेला रजा काढतात, मेव्हणीच्या लग्नाला काढतात आणि ही बाई ज्वारीला काढते म्हणे. हसू देत बापडे.

आमच्या खटकचिंचोळीत बसमधून उतरले की आधी सोयाबीनच्या भुसकटाचा वास येतो. रास झालेली असते, बांधाबांधावर भुसकटाचे ढीग असतात आणि तो कोरडा वास नाकाला टोचतो. तुरीला पिवळी फुलं लागलेली असतात. सकाळी धुक्याची धुई पडली की अख्खी गल्ली आभाळाला शिव्या देते, कारण धुईनं तुरीचं फूल गळतं. ट्रॅक्टरच्या बोनेटवर दसऱ्याचा झेंडूचा हार वाळून कडक झालेला असतो, तो कुणी काढत नाही. मला हे सगळं इतकं आवडतं की पहिला दिवस मी नुसती हिंडते. दुसऱ्या दिवसापासून मात्र रजा संपेपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही. गेली पाच वर्षं हे असंच चाललंय.

कारण त्या दिवसांत मला कमलनगरला जावं लागतं. तिथं अण्णा राहतात.

आधी माझ्या कामाचं सांगते. मी विमानतळावर नोकरी करते एवढं गावात सगळ्यांना ठाऊक आहे, पण काय करते ते कुणालाच नीट ठाऊक नाही. शेजारची काकू दर वर्षी विचारते, "झेंडी दाखवतीस की गं तू इमानाला?" मीही दर वर्षी सांगते, "हाव काकू, लाल आन् हिरवी." खरं म्हणजे मी खिडकी नसलेल्या एका थंडगार खोलीत रडारच्या पडद्यासमोर बसते. विमानं मला दिसतच नाहीत. मला दिसतात ठिपके, आणि त्यांच्या शेजारी आकडे. कोण किती उंचीवर आहे, किती वेगात आहे. उतरायला आलेल्या विमानांना ओळीत आणायचं, एकमेकांपासून लांब ठेवायचं आणि रनवेच्या दिशेला लावून द्यायचं, हे आमचं काम. घरापासून फार लांबचं मोठं शहर आहे ते. नाव सांगत नाही.

त्या खोलीत पहिल्या दिवशी मी नुसती उभी होते. हेडफोन हातात, आणि तो कानाला कसा लावायचा तेही सुचेना. मागून आवाज आला, "कामून घाबरायलीस गं? खायलंय का कुनी तुला?" मी वळून बघितलं. पन्नाशीचे, पिकायला लागलेल्या मिशांचे एक गृहस्थ. त्या 'कामून'नं मला तिथल्या तिथं रडू फुटलं. एवढ्या लांब, एवढ्या इंग्रजी खोलीत, कुणीतरी आमच्या गल्लीतल्यासारखं बोललं होतं. ते कमलनगरचे निघाले. बाकीचे त्यांना 'सर' म्हणत, मी त्या दिवसापासून अण्णा म्हणायला लागले.

अण्णांसारखा कंट्रोलर मी पुन्हा पाहिला नाही. माईकवर त्यांचं इंग्रजी धुतल्यासारखं स्वच्छ, आणि हेडफोन काढला की लगेच "नंदा, धपाटे हाईत, खा." त्यांनी मला शिकवलं. पडद्यासमोर बसवायचे आणि मधेच म्हणायचे, "डोळे मीट. आता सांग, कोन कुठं हाय?" मी डोळे मिटून आठ-आठ विमानांचे आकडे घडाघडा सांगायचे. मग ते सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "हिची नजर लै तिखट हाय बाबा. हिच्यापासनं काय सुटायचं न्हाई." माझ्या नोकरीत मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी तीच. आणि पुढं तीच माझ्या गळ्यात अडकली.

आमच्या विमानतळावर दोन रनवे आहेत, एकमेकांना समांतर. एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा. दोन्हींवर एकाच वेळी विमानं उतरतात. प्रत्येक रनवेच्या सरळ रेषेत आकाशात लांबवर एक न दिसणारी वाट असते, आणि दोन वाटांच्या मधे एक रिकामी पट्टी. त्या पट्टीत कुणी यायचं नाही. दोन विमानं आपापल्या वाटेवर पक्की बसली की मग खुशाल शेजारी शेजारी येऊ देत. पण बाजूनं वळून वाटेवर येताना, नेमकं ते वळण घेताना, दोघांमधे हजार फुटांची उंची तरी पाहिजे नाहीतर तीन मैलांचं अंतर तरी. दोन्ही एकदम कमी झालं की चूक झाली. विमानं एकमेकांना घासली नाहीत, माणसं हसत घरी गेली, तरीसुद्धा चूकच.

हे आमच्याकडं कुणाला पटवून सांगायची सोय नाही. बीदरवरून हवाई दलाची विमानं उठतात आणि सरावाला कधीमधी आमच्या शेतांवरून जातात, पंखाला पंख लावून. लहानपणापासून आम्ही ती माना वर करून बघत आलोय. त्यामुळं अण्णा नोकरी सोडून गावी आले आणि कशामुळं आले ते कमलनगरात कळलं, तेव्हा लोकांना हसूच आलं. "दीड मैल लांब हुती दोगं? मंग झालं काय? आमच्या बीदरची बगा की, हात धरून उडत्यात!" अण्णांनी कुणाला समजावलं नाही. हवाई दलाचे वैमानिक एकमेकांकडं बघत, ठरवून जवळ येतात; आमच्या दोन विमानांना एकमेकांचा पत्ताच नव्हता. एवढं एक वाक्य सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण ते हसणाऱ्यांबरोबर हसले, असं अक्का सांगतात. अक्का म्हणजे अण्णांची बायको.

यंदा आमच्या रानात ट्रॅक्टरनं पेरणी झाली. अर्ध्या दिवसात मोकळे. मी बांधावर बसून बघत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर जुनी तिफण होती. बैलाच्या तिफणीवर मधोमध लाकडी वाटीसारखं चाडं असतं, त्याला खाली तीन नळ्या. बैल चालत असताना चाड्यात मुठीनं बी सोडत जायचं, एकसारखं, ना जास्त ना कमी. ती मूठ ज्याला साधली त्याला गावात मान. आमच्या घरात मूठ मायची होती. चुलते बैल हाणायचे, माय ओटीत बी घेऊन मागून चालायची आणि तिचे ओठ गच्च मिटलेले असायचे. पेरताना ती कुणाशी बोलत नसे.

मी सात-आठ वर्षांची असेन. तिफणीमागून चालत होते, माती उकरून बी मोजायचा मला नाद होता. तिसऱ्या तासात, म्हणजे मातीतल्या तिसऱ्या रेघेत, बीच दिसेना. पुढं पळाले, तिथंही नाही. नळी तुंबली होती. मी जोरात ओरडले, "माय! नळी!" माय एवढी दचकली की मुठीतलं सगळं बी एकदम चाड्यात सांडलं. चुलत्यांनी बैल थांबवले. माय मागं आली आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की अजून आठवतो. "चाड्यावर मूठ असलेल्या मानसाला मागून हाक मारत्यात व्हय गं? काय बी असू दे. तास संपू दे, मंग बोल." आमच्याकडं हे सगळ्याच घरांत पाळतात. कामाला निघालेल्याला मागून हाक मारायची नाही, पेरणाऱ्याला तर नाहीच नाही. नळी खरोखर तुंबली होती, पण त्याचं कुणी काही विचारलं नाही. मलाही मग वाटलं, चुकलंच माझं. पुढं मी कधीच कुणाला मागून हाक मारली नाही. शहाणी मुलगी म्हणून माझं नाव झालं.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी मी अण्णांच्या मागच्या खुर्चीवर होते. सकाळीच मायचा फोन आला होता की पेरणी चालू केली, आणि मी जाऊ शकले नव्हते म्हणून जरा हिरमुसलेली होते.

मागच्या खुर्चीचं काम सोपं असतं. पुढचा माणूस विमानांशी बोलतो. मागच्यानं फक्त बघायचं, आणि कुणी त्या रिकाम्या पट्टीकडं सरकायला लागलं की बोलायचं. पुढच्याच्या खांद्यावर थाप मारायची, ओरडायचं, नाहीतर सरळ वैमानिकाशी बोलायचं. माझ्या पायाखाली त्याचं बटण होतं. त्यासाठीच ती खुर्ची ठेवलेली असते.

उत्तरेकडून एक विमान वळत होतं, चार हजार फुटांवर. दक्षिणेकडून दुसरं, तीन हजारांवर. त्या दिवशी वर उत्तरेचा वारा जोरात होता. उत्तरेचं विमान आता वाटेवर बसतंयच असं बघून अण्णांनी त्याला खाली यायला सांगितलं, थोडं लवकर. तेवढ्यात मागून येणाऱ्या तिसऱ्या विमानाचा वैमानिक बोलायला लागला. त्याच्याकडं एक प्रवासी आजारी होता, छातीत दुखत होतं, आधी उतरायला मिळेल का, डॉक्टर मिळेल का. अण्णा त्याला उत्तर देत होते. त्यांची नजर पडद्याच्या त्या कोपऱ्यात गेली होती.

आमचा पडदा दर चार सेकंदांनी नवा होतो. ठिपका एक पाऊल पुढं सरकतो. आम्ही त्याला फेरा म्हणतो.

पहिल्या फेऱ्याला उत्तरेचं विमान वाटेवर आलं होतं, पण त्याचं तोंड अजून दक्षिणेलाच होतं. मला ते खटकलं. दुसऱ्या फेऱ्याला ते वाटेच्या पलीकडं गेलं होतं. वाऱ्यानं ढकललं होतं. मी खुर्चीत सरळ झाले. अण्णा बोलत होते. त्यांचा उजवा हात जरासा वर उचललेला, मूठ अर्धवट मिटलेली, बोलताना त्यांची सवयच होती ती. मी तोंड उघडलं. आणि खरं सांगते, माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मनात एवढंच आलं की बोलून होऊ दे त्यांचं, एवढं वाक्य संपू दे, मग सांगते. तिसऱ्या फेऱ्याला ठिपका रिकाम्या पट्टीत होता.

मग अलार्म वाजला. दोन्ही ठिपके लाल झाले.

अण्णांनी एका श्वासात सगळं सावरलं. उत्तरेच्याला उजवीकडं वळवून वर चढवलं, दक्षिणेच्याला डावीकडं काढलं. आवाजात जरासुद्धा कंप नाही. सगळ्यात जवळ होती तेव्हा दोघांमधे दीड मैल होतं, आणि उंचीत चारशे फूट. पाऊण तासात तिन्ही विमानं उतरली, आजारी प्रवासीसुद्धा वाचला. आत बसलेल्यांना काही कळलं नसणार. पुन्हा एक चक्कर मारावी लागली म्हणून कुणी घड्याळ बघून वैतागलं असेल, बस. अण्णांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि मागं वळून मला विचारलं, "तुला दिसलं न्हाई का गं?"

त्या प्रश्नात राग नव्हता, हे मी अजून सांगू शकते. ते खरंच विचारत होते. आणि मी मान हलवली. नाही.

एकदा मान हलवली की मग जीभही हलते. चौकशीच्या खोलीत तीन साहेब होते. त्यांनी इंग्रजीत विचारलं की अलार्मच्या आधी तुमच्या काही लक्षात आलं होतं का. मी म्हटलं, "नो सर." दुसरं काय सांगणार होते? दिसलं होतं, पण आमच्याकडं मोठ्या माणसाला मागून हाक मारत नाहीत, असं? त्या साहेबांनी एकमेकांकडं बघितलं असतं, आणि मी लाजेनं मेले असते. बघायची नोकरी आणि बघून गप्प बसले, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा दिसलंच नाही हे सोपं होतं. माझा आवाज रेकॉर्ड होत होता, माझे डोळे कुठं होत होते?

अण्णांनी तर लिहून दिलं की चूक पूर्णपणे त्यांची स्वतःची, मागच्या खुर्चीला बोलायला वेळच मिळाला नाही. मला वाचवायला. मला पुन्हा थोडं प्रशिक्षण देऊन दोन महिन्यांनी खुर्चीवर बसवलं. अण्णांना रडारवरून काढून एका टेबलाशी बसवलं, फायली लिहायला. नोकरीची सहा वर्षं बाकी होती. एक वर्ष त्यांनी कसंबसं काढलं आणि मग राजीनामा देऊन गावी आले. मी खरं बोलले असते तर चूक दोघांत वाटली गेली असती. कदाचित तेही दोन महिन्यांनी माझ्यासारखेच परत खुर्चीवर बसले असते. हे 'कदाचित' माझ्या डोक्यातून जात नाही. मी अंघोळ करताना ते असतं, भाजी निवडताना असतं.

मी त्यांच्याकडं दर वर्षी का जाते? ते बोलावतात म्हणून. "ज्वारी पेरायलोय, ये की एक दिवस." अक्का पुरणपोळी करतात आणि वाढताना शेजारणीला सांगतात, "हीच ती पोरगी, ह्यांच्या मागं बसायची. नजर बग कशी हाय, घारीवानी. हिलाबी दिसलं न्हाई बया. मंग ह्यांची चूक कशी म्हनायची?" मी ताटात बघत बसते. पहिल्या वर्षी अण्णाही म्हणाले होते, "नंदा, तुझ्यासारखीला दिसलं न्हाई, म्हंजी ते दिसन्यासारखं नव्हतंच. देवाच्याच मनात हुतं." आणि असं समाधानानं म्हणाले होते, जसं डॉक्टरनं रिपोर्ट बघून काही नाही म्हणावं. मी जे खोटं बोलले त्याच्यावर त्या घरानं आपलं सगळं दुःख टेकवून ठेवलं होतं. आता ते कसं काढायचं?

पहिली दोन वर्षं वाटलं, पुढच्या वर्षी सांगू. मग वाटलं, आता सांगून कुणाचं भलं होणार आहे? स्वतःचं मन हलकं करायला त्यांच्या मनावर दगड ठेवायचा? असं म्हटलं की फार शहाणपणाचं वाटतं. पण भीतीच होती ती. अण्णांच्या नजरेतून उतरायची भीती.

यंदा मात्र एक झालं. पुढच्या महिन्यापासून मला शिकवणारीचं काम दिलंय. नव्या मुलामुलींना मागच्या खुर्चीवर कसं बसायचं ते मी शिकवायचं. कागद हातात आला तेव्हा सगळ्यांनी पेढे मागितले, आणि मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसले. मी कुणाला सांगणार होते, दिसलं की बोला म्हणून?

म्हणून यंदा ठरवून गेले. कमलनगरला पोचले तेव्हा अण्णा रानातून नुकतेच आले होते, पायाला माती, डोक्याला टॉवेल. मिशा पूर्ण पांढऱ्या, पण हसणं तेच. "आलीस का? बस, बस. ह्या साली वाफसा लै झकास आला बग." जेवायला बसलो. अक्कांनी शेजारणीला बोलावून तेच सगळं पुन्हा सांगितलं. मी तोंड उघडलं की अक्का मधे काहीतरी वाढायच्या. अण्णांनी ज्वारीचं नवं बियाणं दाखवलं, बीदरहून आणलेलं. बोलता बोलता चार वाजले, आणि मी अजून काही बोललेले नव्हते. स्वतःची किळस आली मला.

अण्णा स्टँडपर्यंत सोडायला आले. माझी भालकीची बस लागलेली होती, अजून सुटायची होती. आम्ही सिमेंटच्या बाकावर बसलो. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हटलं,

"अण्णा, मला दिसलं होतं."

"काय दिसलं?"

"त्या दिवशी. उत्तरेचं इमान वाटेच्या पल्याड जायलतं ते. अलार्मच्या आधी. मी बगायलते."

समोर एक जीप माणसं भरत होती, क्लीनर ओरडत होता. अण्णा त्याच्याकडं बघत राहिले. मला वाटलं आता विचारतील, कामून बोलली न्हाईस? त्याचं उत्तर मी सहा वर्षं पाठ केलं होतं. पण त्यांनी विचारलं,

"किती आधी?"

"तीन फेरे."

"म्हंजी बारा सेकंद."

"हाव."

"बारा सेकंदात मी त्याला वळीवलो असतो," अण्णा म्हणाले. "आरामात."

मला रडू आवरेना. "तुमी त्या पायलटशी बोलायलता. मला वाटलं वाक्य होऊ दे. मागून हाक कशी मारायची म्हनून..."

"तितं मी काय ज्वारी पेरायलतो का गं, नंदा?"

रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू म्हणाले, लहान मुलाला विचारावं तसं. मी पदराला नाक पुसलं. बसच्या ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. अण्णा उठले, माझी पिशवी त्यांनीच उचलली, दारापर्यंत आणली. पिशवी हातात देताना म्हणाले, "अक्काला सांगू नको. तिला तेवढंच हाय."

"आन् तुमाला?"

"मलाबी तेवढंच हुतं," ते म्हणाले.

मी चढले. खिडकीजवळची जागा मिळाली. अण्णा खाली उभे होते, निघून गेले नव्हते, आणि त्यांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं होतं. मला वाटलं बस उशिरा सुटतेय म्हणून बघतात. मग त्यांचे ओठ हलताना दिसले, आणि मला कळलं. मीही मनात मोजायला लागले. एक, दोन. दारात एक म्हातारा आला. कंडक्टरनं त्याला हात देऊन वर घेतलं, त्याचं गाठोडं घेतलं, सीटखाली सारलं. म्हातारा बसला. त्यानं टोपी काढून कपाळाचा घाम पुसला, टोपी परत घातली, आणि खिडकीतून तोंड बाहेर काढून कुणाला तरी म्हणाला, "बरं हाय मंग, येतो." तेव्हा कुठं बारा सेकंद झाले. अण्णांनी हात खाली घेतला.